जुन्या ध्वनिमुद्रिका, सार्वजनिक श्रवण आणि प्रताधिकार

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुंबईच्या जुन्या मराठी वस्तीतील चाळी एकामागून एक पाडल्या जात असून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली की माळ्यावरील सामान खाली येते. तांब्यापितळेच्या भांड्यांना गिऱ्हाईक असते, जुन्या लाकडी पेट्यांनाही असते. त्या पेट्यांतील लाखेच्या तबकड्यांना मात्र सहसा नसते. काही रद्दीवाल्याकडे जातात, काही चोरबाजारात पोचतात आणि बऱ्याचशा वाटेतच फुटतात. या तबकड्यांवर संगीत रंगभूमीची पदे आहेत, मेळ्यांची गीते आहेत, पोवाडे, लावण्या, भजने आणि नकला आहेत. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सामान्य मराठी माणूस काय ऐकत होता, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

हा पुरावा सरकारी संग्रहात का नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके सादर करण्यासंबंधीचा केंद्रीय कायदा १९५४ साली झाला. त्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. पुढे वृत्तपत्रांनाही हे बंधन लागू झाले. ध्वनिमुद्रिकांना ते कधीच लागू झाले नाही. परिणामी छापील मराठीचा संग्रह कायद्याने झाला, तर गायिलेल्या मराठीचा संग्रह हौशी माणसांच्या घरी, त्यांच्या पदरच्या खर्चाने झाला. आज त्या घरांतूनच तबकड्या बाहेर पडत आहेत.

अशी एखादी पेटी सार्वजनिक ग्रंथालयाला, शाळेला किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला देणगी म्हणून मिळाली, तर तिचे काय करावयाचे? अशा वेळी दोन प्रवृत्ती दिसून येतात. एक म्हणते, “इतके जुने आहे, कोण विचारतो? टाका इंटरनेटवर.” दुसरी म्हणते, “हक्काचा प्रश्न आहे, हात लावू नका, कपाटाला कुलूप घाला.” पहिल्या प्रवृत्तीमुळे कोणाचा तरी न्याय्य हक्क डावलला जाऊ शकतो. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक हानी दुसरीनेच होते. कारण कुलूपबंद कपाटातील तबकडी कोणाचाही हक्क राखत नाही, ती फक्त नष्ट होत जाते.

एका तबकडीतील चार हक्क

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. पण त्या तीन मिनिटांत कायद्याच्या दृष्टीने एकाहून अधिक वस्तू सामावलेल्या असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही तिसरी आणि गायक-वादकांचा कलाविष्कार ही चौथी बाब. प्रत्येकीचा धनी वेगळा असू शकतो आणि प्रत्येकीची मुदतही वेगळी मोजावी लागते.

प्रताधिकार अधिनियम १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार ते ज्या वर्षी प्रकाशित झाले त्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. त्यामुळे १९६४ साली प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकेचा हा हक्क ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला आणि दर १ जानेवारीस आणखी एका सालाची भर पडते. शब्द आणि चाल यांचा हिशेब मात्र तबकडीच्या तारखेवर नसून माणसाच्या आयुष्यावर आहे. कवी वा संगीतकार यांच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे तो हक्क त्यांच्या वारसांकडे, किंवा ज्यांना तो लिहून दिला असेल त्यांच्याकडे, राहतो.

गायकाची स्थिती दीर्घकाळ शोचनीय होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने संगीतकार-गीतकारांची संस्था आणि चित्रपट निर्माते यांच्यातील प्रसिद्ध वादात निर्णय दिला. त्यावेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, ज्याच्या कंठामुळे गीताला प्राण लाभतो त्या गायकाला आपल्या कायद्यात स्थान नाही, या उणिवेकडे लक्ष वेधले होते. ही उणीव १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे प्रत्यक्षात १० मे १९९५ पासून, दूर झाली. कलावंताच्या हक्काची मुदत १९९९ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांची आहे आणि ती गायनाच्या वर्षापासून मोजली जाते. म्हणून ज्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे उलटली आहेत, तिच्या बाबतीत हा चौथा हक्क बहुधा आड येत नाही. अडचण येते ती शब्द आणि चाल यांची.

उदाहरणांनी हे अधिक स्पष्ट होईल. ‘मानापमान’ हे नाटक १९११ चे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली निवर्तले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. खाडिलकरांच्या शब्दांवरील हक्क २००८ अखेर आणि टेंब्यांच्या चालींवरील हक्क २०१५ अखेर संपला. तेव्हा बालगंधर्वांच्या आवाजातील ‘मानापमान’च्या लाखेच्या तबकड्या आज कोणत्याही ग्रंथालयाने निर्धास्तपणे लोकांना ऐकवाव्यात. त्याच काळातील एखादे पद मास्टर कृष्णरावांच्या चालीचे असेल तर? ते १९७४ साली गेले. म्हणजे तबकडी मुक्त, कदाचित शब्दही मुक्त, परंतु चाल २०३४ अखेरपर्यंत बांधलेली. परळच्या राजकमल कलामंदिराचा ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट १९५१ चा. चित्रपटाची मुदत २०११ अखेर संपली, पण संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले असल्याने त्यांच्या स्वररचनेची मुदत २०३५ अखेरपर्यंत आहे.

लालबाग-परळच्या संदर्भात सर्वांत जिव्हाळ्याचे उदाहरण शाहिरांचे. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख या दोघांचेही निधन १९६९ साली झाले. गिरणगावच्या सभांतून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून ज्या रचना हजारोंच्या मुखी झाल्या, त्यांचे शब्द कायद्याने २०२९ अखेरपर्यंत वारसांच्या वा हक्कधारकांच्या स्वाधीन आहेत. लोकांनी गाणे आपलेसे केले म्हणून ते कायद्याने लोकांचे होत नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे. ज्यांनी हयातीत फारसे काही मिळविले नाही अशा कवींच्या बाबतीत वारसांना विचारणे हे कायद्यापलीकडेही उचितच होय.

मेळ्यांच्या आणि नकलांच्या तबकड्यांवर पुष्कळदा कर्त्याचे नावच नसते. अशा निनावी प्रकाशित कृतीची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे धरली जाते. मात्र त्या मुदतीत कर्त्याची ओळख उघड झाली असल्यास पुन्हा त्याच्या मृत्यूपासूनचा हिशेब लागू होतो.

सालाचा शोध

वरील सारा हिशेब एका आकड्यावर उभा आहे आणि नेमका तोच आकडा तबकडीवर नसतो. ध्वनिमुद्रिकेवर प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि निर्मात्याचे नाव-पत्ता छापण्याची सक्ती १९८४ च्या दुरुस्तीने आली. त्यापूर्वीच्या तबकडीवर कंपनीचे चित्र, गायकाचे नाव, गीताची पहिली ओळ आणि क्रमांक एवढेच आढळते. तेव्हा साल ठरवावयाचे ते क्रमांकांवरून. लेबलावरील विक्रीक्रमांक आणि लेबलाच्या कडेला लाखेतच कोरलेला मूळ साच्याचा क्रमांक हे दोन्ही उतरवून घ्यावेत व कंपन्यांच्या जुन्या सूचिपत्रांशी ताडून पाहावेत. वृत्तपत्रांतील जाहिराती, नाटकाच्या पदांची पुस्तके यांचाही उपयोग होतो.

हे काम संग्राहकांनी मोठ्या चिकाटीने केले आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला, तेथपासूनच्या भारतीय ध्वनिमुद्रणांच्या याद्या मायकेल किनियर यांनी सिद्ध केल्या. त्यांच्याच प्रेरणेने १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक म्हणजे या विषयातील माहितीची खाणच आहे. तबकडीचे साल निश्चित करण्याची वेळ आली की कार्यालयीन पत्रव्यवहारापेक्षा अशा जाणकारांकडे जाणे अधिक फलदायी ठरेल.

‘यंग इंडिया’ची कथा

मुंबईत घडलेले एक उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही मुंबईची स्वदेशी कंपनी. ‘यंग इंडिया’ या नावाने तिने १९३५ ते १९५५ या काळात हजारो ध्वनिमुद्रिका काढल्या. मोठ्या कंपन्यांच्या दारी ज्यांना प्रवेश नव्हता अशा नवोदित आणि हौशी कलावंतांना या कंपनीने संधी दिली. कंपनी बंद पडली आणि तिच्या मुद्रिका पुढे कधी ध्वनिफितीवर वा सीडीवर आल्याच नाहीत. ओडियन या जर्मन कंपनीचेही तसेच. तिच्या दुसऱ्या पर्वातील, म्हणजे १९३२ ते १९३८ मधील, काम मुख्यत्वे मुंबई आणि मद्रास येथून चालले आणि मग थांबले.

या दोन्ही नावांच्या तबकड्या संग्राहकांकडून मिळवून त्यांचे डिजिटल रूपांतर करण्याचे काम सोसायटीचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांत हाती घेतले. त्याला ब्रिटिश लायब्ररीच्या ‘संकटग्रस्त दप्तर’ योजनेतून अर्थसाहाय्य लाभले. मूळ वस्तू त्याच देशात ठेवावी आणि प्रती जगाला खुल्या कराव्यात, असे या योजनेचे धोरण आहे.

परवानगीच्या दृष्टीने या कथेत एक विपरीत गोष्ट दिसते. जी कंपनी चालू आहे, तिला पत्र लिहिता येते. एच.एम.व्ही.ची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आज ‘सारेगामा’ या नावाने नांदते. तिच्याकडून होकार वा नकार येऊ शकतो. पण बंद पडलेल्या कंपनीचा हक्क कोणाकडे गेला हे सांगणारे कोणी उरत नाही. जी मुद्रिका सर्वांत दुर्मीळ, तिचीच परवानगी मिळणे सर्वांत कठीण. ‘यंग इंडिया’च्या शेवटच्या तबकड्यांच्याही ध्वनिमुद्रणाची मुदत २०१५ अखेर संपली आहे आणि त्यामुळे तेवढा एक प्रश्न काळानेच सोडविला. शब्दांचा आणि चालींचा प्रश्न प्रत्येक तबकडीपुरता शिल्लक राहिला.

आणखी एक बाब. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकयंत्रणेवर हल्ला होऊन तिच्या सेवा दीर्घकाळ विस्कळीत झाल्या. परदेशी संस्थेचे ऋण मान्य करूनही, मुंबईच्या आवाजाची एक पूर्ण प्रत मुंबईत, सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असावी, असे यावरून वाटल्यावाचून राहत नाही.

कायदा काय करू देतो

अनेक अधिकाऱ्यांना आणि ग्रंथपालांना ठाऊक नसलेली एक तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आली. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची मूळ प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवून ठेवण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. ही मुभा ध्वनिमुद्रणालाही लागू पडते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेली आपली गावोगावची ग्रंथालये या वर्णनात बसण्यास हरकत दिसत नाही. तेव्हा परवानगीचा निकाल लागेपर्यंत रूपांतर थांबविणे हे सर्वथा अनावश्यक होय. आधी प्रत करावी, मग पत्रव्यवहार. मात्र ही मुभा साठवणीपुरती आहे. त्या प्रतीचे इंटरनेटवर प्रसारण करण्याची नाही.

रूपांतराच्या कामासंबंधी दोन शब्द येथेच सांगितलेले बरे. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. प्लास्टिकच्या लाँगप्ले तबकडीची सुई तिला चालत नाही, कारण जुनी खाच बरीच रुंद असते. मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणात, खरखर न काढता, जशीच्या तशी ठेवावी. ऐकवण्यासाठी साफ केलेली प्रत निराळी करावी.

शिक्षकांसाठीही कायद्यात जागा आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढाच श्रोतृवर्ग असेल, तर ध्वनिमुद्रिका ऐकवण्यास परवानगी लागत नाही. नाट्यसंगीताचा किंवा शाहिरीचा पाठ मूळ आवाजासह शिकविता येतो, हे पुष्कळ शाळांना माहीत नसते. शासनाच्या वा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकृत समारंभात ध्वनिमुद्रिका वाजविण्यासही अशीच सूट आहे. अंध व अन्य अपंग व्यक्तींना उपयोगी पडेल अशा रूपातील प्रती नफ्याविना पुरविण्याचीही मुभा आहे. या सर्व मुभांना मर्यादा आहेत. परंतु त्यांचा पूर्ण उपयोग करून झाल्यावर मगच परवानगीच्या अभावाची तक्रार करणे शोभून दिसेल.

परवानगीपत्र कसे असावे

लोकांसाठी सर्वत्र खुले करावयाचे तर परवानगी हवी आणि ती लेखी हवी. गीतकार-संगीतकार १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्य असतील, तर चौकशी तेथे प्रथम करावी. नसतील तर वारसांचा शोध घ्यावा. एकाहून अधिक वारस असतील तर थोरल्याची सही पुरेशी समजू नये.

पत्रात दोन गोष्टी लिहावयाच्या राहतात आणि पुढे त्याच नडतात. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणजे मोठ्या मनाने दिलेली, पण मोघम लिहिलेली परवानगी पाच वर्षांत आपोआप संपते आणि इंटरनेटच्या जगद्‌व्यापी प्रसाराला ती पुरतही नाही. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर पत्रात तसे वेगळे नमूद नसल्यास, तो रद्द होतो. तेव्हा परवानगी फाइलला लावून वर्षभर स्वस्थ बसणेही परवडणारे नाही. ज्यांना आपला हक्क कायमचा सोडावयाचा आहे, त्यांना कलम २१ खाली प्रताधिकार निबंधकाकडे सूचना देऊन किंवा जाहीर सूचनेद्वारे तो सोडता येतो.

धनी सापडतच नसेल तर कलम ३१-अ आहे. कर्ता मृत वा अज्ञात असेल किंवा हक्कधारक सापडत नसेल, तर प्रसारणाची अनुज्ञप्ती न्यायालयाकडे मागता येते. त्यापूर्वी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. पूर्वी हे अर्ज अपील मंडळाकडे जात. २०२१ साली ते मंडळ बरखास्त झाल्यापासून ते वाणिज्यिक न्यायालयाकडे जातात. मानधनाची रक्कम न्यायालय ठरविते व ती सरकारी खात्यात भरावयाची असते. तरतूद चांगली आहे. पण तीन मिनिटांच्या एका मेळ्याच्या गीतासाठी इंग्रजी दैनिकातील जाहिरात आणि वकील, हा खर्च कोणते तालुका ग्रंथालय करील? अनेक तबकड्यांचा एकत्रित अर्ज आणि मराठी कृतीसाठी मराठी दैनिकातील जाहिरात, एवढी सवलत नियमांत झाली तरी हे कलम खऱ्या अर्थाने उपयोगात येईल.

परदेशातील कायदा निराळा आहे, याचाही विसर पडू नये. १९३६ साली निघालेली तबकडी भारतात कधीच मुक्त झाली. अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्याप्रमाणे १९२३ ते १९४६ मधील ध्वनिमुद्रणांना प्रकाशनापासून १०० वर्षे संरक्षण आहे, म्हणजे तिची मुदत २०३६ अखेर संपेल. म्हणून अशा मुद्रिका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर चढविण्यापेक्षा शासकीय वा विद्यापीठीय संकेतस्थळावर ठेवणे श्रेयस्कर.

बैठकींच्या ध्वनिफिती

बाजारात आलेल्या तबकडीपेक्षाही नाजूक प्रश्न घरगुती ध्वनिफितींचा आहे. टेपरेकॉर्डर आल्यानंतर गिरगाव-दादरच्या संगीतमंडळांच्या बैठकी, व्याख्याने, शाहिरी कार्यक्रम अनेक रसिकांनी फितींवर उतरवून ठेवले. ते प्रकाशित झालेच नाहीत. कायद्याची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणून अप्रकाशित फितीचे घड्याळ सुरूच होत नाही आणि ती कितीही जुनी झाली तरी आपोआप मुक्त होत नाही. ध्वनिमुद्रणात पुढाकार घेऊन ज्याने जबाबदारी उचलली तो तिचा निर्माता. पण त्या रात्री कलावंताने संमती दिली होती का, आणि दिली असल्यास ती घरी ऐकण्यापुरती होती की जगापुढे मांडण्याची, हे सांगणारी माणसे आज वृद्ध आहेत. तबकडीच्या बाबतीत काळ आपल्या बाजूने आहे, फितीच्या बाबतीत तो विरुद्ध आहे. निधीची वा यंत्राची वाट न पाहता या माणसांचे जबाब आणि सह्या आधी घ्याव्यात, अशी सूचना करावीशी वाटते.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने हाच मुद्दा वेगळ्या रूपात समोर येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे त्या संकेतस्थळावर आल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिले गेले. गावातील भजनी मंडळाचे, गोंधळ्याचे वा ओव्या गाणाऱ्या आजींचे ध्वनिमुद्रण आज जी पंचायत करील, तिने त्याच बैठकीत संमतिपत्र करून घ्यावे. ते सोप्या मराठीत असावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. मुदत, जगभर ऐकवण्याची मुभा आणि पैसे मिळाल्यास वाटणी, या बाबी त्यात स्पष्ट लिहाव्यात. गाणारीला लिहिता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घ्यावा आणि तिचा तोंडी होकार, तिचे पूर्ण नाव व तारीख यांसह, ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभीच मुद्रित करावा. पत्राची एक प्रत तिच्या घरी द्यावी.